मेलेल्याचं काम करणाऱ्या अप्पांना

अप्पा, संदीपने तुम्हाला मेलेल्या माणसाचं काम दिलं ते तुमचा अपमान करायला नव्हे. हे मी तुम्हाला नाटक बसायला लागल्यापासून सांगत होते, आणि तुम्ही दर वेळी ‘मला म्हाईत हाय की’ म्हणून परत तोच विषय काढत होतात. आता मध्ये बोलायची सोय राहिली नाही, तर एकदा शेवटपर्यंत ऐका.

आधीच्या नाटकात तुम्ही न्यायाधीश होतात. खटला दोन शेजाऱ्यांच्या भिंतीचा होता. निकाल द्यायची वेळ आली आणि तुम्ही तुमच्या तरुणपणीच्या कुठल्याशा ऐतिहासिक नाटकातलं सेनापतीचं भाषण सुरू केलंत. शेवटी आरोपीला कड्यावरून खाली ढकलून द्यायचा हुकूम दिलात. आरोपी बिचारा हात जोडून उभा राहिला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून तुम्ही खूश, आणि संदीप विंगेत कपाळाला हात लावून खाली बसलेला. तुमचं पाठांतर गेलं होतं, अप्पा. आवाज तसाच होता, पण तो कुठल्या नाटकात जाऊन पोचेल त्याचा भरवसा राहिला नव्हता. तुम्हाला गटातून काढायची कुणाची छाती नव्हती आणि इच्छाही नव्हती. म्हणून संदीपने नवं नाटक लिहिताना त्यात एक मेलेला बाप घातला. बाप गेलाय, प्रेताभोवती घरातली माणसं जमलीत, बायको, दोन मुलं, आणि त्यांचं दुःख. बायको मी.

मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये, लग्नाच्या पातेल्यांच्या उतरंडीला टेकून आपण पहिलं वाचन ऐकलं. तुम्ही विचारलंत, “मला वाक्यं किती?”

संदीप म्हणाला, “एकही नाही, अप्पा.”

 तुम्ही म्हणालात, “मग चुकायचं काय कामच न्हाय.”

मला वाटलं, मिटलं. पण ते मिटलं नव्हतं. दुसऱ्या तालमीला तुम्ही चटईवर आडवे झालात, अंगावर पांढरी चादर घेतलीत, आणि माझं पहिलं वाक्य संपायच्या आत चादरीखालून विचारलंत, “संदीप, तिसऱ्या रांगेतल्या माणसाला मी दिसतो का?”

“दिसायची गरज नाही, अप्पा. तुम्ही गेलाय.”

“गेलोय, पन हाय तर हितंच की.”

त्यानंतरच्या तालमीला तुम्ही तोडगा घेऊनच आलात. म्हणालात, “हे घर लिंगायताचं कर. आमच्यात मेलेल्याला झोपवत न्हाईत, बसवतात.” आणि आम्हाला समजावून सांगितलंत, की तुमच्याकडं आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, हार घालून, मांडी घालून बसवतात, लोक समोर येऊन बसतात, भजन म्हणतात, आणि समाधीही बसलेल्यालाच देतात. “म्हंजे काय हुतं,” तुम्ही म्हणालात, “तोंड प्रेक्षकांकडं राहतं.”

संदीप चिडला. त्याने हे घर डोळ्यांपुढं आणून लिहिलं होतं, आडनाव ठरवलं होतं, सगळी भाषा तशी बेतली होती. पण घरी जाऊन त्याने विचार केला असणार. पुढच्या वेळी तो म्हणाला, बसवूया. एका न मिळालेल्या वाक्याच्या बदल्यात तुम्ही अख्खा पहिला अंक समोरून मिळवलात. शिवाय घरात तेलुगू बोलणाऱ्या, शाळेत मराठी शिकवणाऱ्या मला तुमच्या पद्धतीनं कन्नडमिश्रित रडायला शिकायला लागलं. ते तुम्हीच शिकवलंत, आणि तुम्हाला ते कधी पसंत पडलं नाही.

तुमचा सरावसुद्धा आठवतो. तुमच्या धान्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तुम्ही गादीवर मांडी घालून, डोळे मिटून, श्वास पोटात ठेवून बसायचात. एकदा ज्वारी घ्यायला आलेली बाई किंचाळत रस्त्यावर पळाली. तुम्ही तिच्यामागं ‘अगं तालीम हाय, तालीम’ म्हणत धावलात, त्यानं ती आणखी जोरात पळाली. शेजारचा किराणावाला मग गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवायचा, की अप्पा मेलेले दिसले तर हाक मारा, उठतात.

पहिला प्रयोग सोलापुरातच झाला. हॉल भरला होता, निम्मे लोक तुमचे नातेवाईक. पडदा वर गेला आणि खरं सांगते, मी स्वतः दचकले. निळसर उजेडात तुम्ही असे बसला होतात की पुढच्या रांगेतल्या दोघी बायकांनी नकळत हात जोडले. संदीपने माझ्या तोंडी मोठं स्वगत दिलं होतं, ‘तुम्ही गेलात आणि घराचा आवाज गेला’ वगैरे. ते बोलायला मी तुमच्या पुढ्यात बसले, तर तुम्ही ओठ न हलवता पुटपुटलात, “पदर.” मी पदर सारखा केला. पुढच्या वाक्याला, “मागं ऐकू येत न्हाय.” मी आवाज वाढवला. दुःखाचा सगळा जोर मी राग आवरण्यात घालवला आणि लोकांना वाटलं, काय संयम आहे बाईचा.

स्वगताच्या शेवटी माझं वाक्य होतं, “एकदा तरी बोला हो, एक शब्द.” तेवढ्यात तुमच्या कपाळावरची विभूती नाकात गेली आणि तुम्ही शिंकलात. साधी शिंक नव्हती ती. हार हलला, झेंडूच्या पाकळ्या माझ्या मांडीवर पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “हाय हाय, जिवंत हाय.” हॉल कोसळला हसण्यानं. दिव्यांवर बसलेल्या माणसाने घाबरून अंधार केला, पडदेवाल्याने पडदा टाकला, आणि त्याच अंकात दोन मुलांचं भांडण सुरू व्हायचं होतं ते दुसऱ्या अंकात एकदम मधूनच सुरू झालं. कोण कशावरून भांडतंय हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मध्यंतरात लोक भेटायला आत आले तर मयत कोपऱ्यात उभं राहून शेंगाचटणी लावून कडक भाकरी खात होतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या प्रयोगात तुमच्याच कुणा पुतण्याने तुमचा फोटो काढला. विभूती, हार, मिटलेले डोळे. तो त्याने कौतुकानं कुणाला तरी पाठवला, आणि पुढं तो मोबाईलवरून फिरत फिरत नात्यातल्या ग्रुपवर गेला तो ‘आपले मल्लिनाथअप्पा शिवैक्य झाले’ या मजकुरासकट. पुण्याला तुमच्या महेशला सांत्वनाचे फोन सुरू झाले. पोरगं तसंच गाडी काढून निघालं. बायको शेजारी रडत, मुलगी मागं रडत. तुमचा फोन लागेना, कारण तुम्ही तो नेहमीप्रमाणं गल्ल्यात ठेवून जेवायला गेला होतात. टेंभुर्णीपर्यंत आल्यावर त्याने पुन्हा लावला, आणि तुम्ही उचललात.

तुम्ही फक्त म्हणालात, “बोल.”

पुढचं मला तुम्हीच सांगितलंत, आणि महेशनेही नंतर सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात काडीचा फरक नव्हता. तो रस्त्याच्या कडेला उतरून ओरडला. मुलीची सोयरीक ठरत आलीय, त्या पाहुण्यांचाही फोन येऊन गेला, आता त्यांना काय सांगू, आजोबा मेल्याचं सोंग घेतात म्हणून? म्हणाला, हे काम सोडा. तुम्ही म्हणालात, सोडत न्हाय. तो म्हणाला, मग मला फोन करू नका. तुम्ही म्हणालात, मी कुटं केला, तूच केलास.

तो तिथूनच परत फिरला. तुम्ही हे सांगताना हसत होतात. मीही हसले. मग तुम्ही म्हणालात, “निम्म्याच्या वर रस्ता आलाच हुता, तर येऊन जेवून जायाचं की,” आणि हातातला तराजू उगाच खालीवर करत बसलात.

त्यानंतर त्याने मला फोन केला होता. “काकू, तुमचं ऐकतील, तुम्ही समजवा.” मी समजावलं. तुम्ही म्हणालात, “अक्का, एक काम मला बिनचूक जमायला लागलंय, ते सोडू का?”  सोयरीक मोडली नाही, उलट त्या पाहुण्यांनी नाटकाचा पुढचा प्रयोग कधी म्हणून विचारलं. तरी तुम्ही फोन केला नाहीत, त्यानेही केला नाही. दोघांना एकमेकांची खबर माझ्याकडून हवी असायची. मी दमले होते तुमच्या दोघांच्या मध्ये.

मग मंद्रूपचा प्रयोग. देवळापुढच्या पटांगणात स्टेज, समोर सतरंज्या, बाजार उठून तशीच थांबलेली माणसं. शिंक येऊ नये म्हणून या वेळी विभूती पाण्यात कालवून लावली होती. मी स्वगत सुरू केलं, आणि खालून एक म्हातारी उठली. काठी टेकत टेकत पायऱ्या चढून स्टेजवर आली. संदीप विंगेतून हातवारे करत होता, पण तिला थांबवायचं कुणी? ती माझ्या शेजारी बसली, तुमच्या गुडघ्याला हात लावला आणि “यप्पा, बिट्ट होद्यल्लो” करून मोठ्यानं रडायला लागली, सोडून गेलास रे म्हणून. पुढचं सगळं भरभर कन्नडमध्ये, मला त्यातलं एखादं दुसरं वाक्य कळलं. मी माझं स्वगत गुंडाळलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. तेवढ्यात तुमच्याकडं पाहिलं, तर मिटलेल्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. विभूती ओघळून मिशीत उतरली होती.

मेलेला माणूस रडतोय, आणि पटांगणात कुणी हसलं नाही. संदीप नंतर म्हणाला, हे असं दर प्रयोगाला करता येईल का. मी त्याला म्हटलं, गप बस.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात आले. विचारलं, “अप्पा, काल काय झालं?”

तुम्ही आधी एका गिऱ्हाइकाला मूग दिलेत. तो गेल्यावर म्हणालात, “ती म्हातारी माझ्याशी बोलतच न्हवती. तिच्या मालकाशी बोलत हुती. शेतावर भाकरी घेऊन यायला मला उशीर झाला, त्यो राग अजून धरलास का, म्हनत हुती.”

मी शेजारच्या पोत्यावर टेकले.

“घरची गेली तवा,” तुम्ही म्हणालात, “मी दारात उबा हुतो. मंडप बघ, स्वामींना आण, पाव्हण्यांचं च्या-पानी बघ. लोक येऊन तिच्यापुढं बसत हुते, काय काय बोलत हुते. मी बसलोच न्हाय. मला वाटलं, आता बोलून काय. आता सोता बसून बघितलं तर सगळं ऐकू येतंय की, अक्का.”

मी म्हटलं, “अप्पा, तुम्ही जिवंत आहात म्हणून ऐकू येतं.”

“तुझं आपलं शाळेतलं,” तुम्ही म्हणालात, आणि चहा सांगितलात.

त्या दिवसापासून तुम्ही माझ्या मागं लागलात, की ते स्वगत बदल. एवढा संसार केलेली बाई नुसती रडत नाही, भांडते. दवाखान्यात जा म्हटलं तेव्हा का गेला नाहीत, विचार. कपाटाची किल्ली कुठं ठेवली, विचार. मी म्हटलं, लोक हसतील. “हसू दे की,” तुम्ही म्हणालात, “तिकीट काढून आल्यात.” संदीप म्हणाला, नाटकाची उंची जाईल. तुम्ही म्हणालात, उंचीवरनं पडलोय मी पूर्वी, म्हाईत हाय मला. तो वाद प्रत्येक तालमीला निघायचा आणि जेवणाच्या हॉलला कुलूप लागेपर्यंत चालायचा. शेवटी मी कबूल झाले, की पुढच्या प्रयोगाला एक वाक्य भांडणाचं घेते. कुठलं ते तुम्हाला सांगणार नव्हते. तुम्हाला हसू आवरतं का, हेच मला बघायचं होतं.

आणि तुम्ही दुकानात गादीवर बसल्या बसल्या गेलात. मांडी घातलेली, डोळे मिटलेले. किराणावाल्याने दोनदा पाहिलं आणि तालीम चाललीय म्हणून हाक मारली नाही. तिसऱ्यांदा गिऱ्हाईक आलं तेव्हा मारली. तो माणूस अजून माझ्यापुढं रडतो, म्हणतो मी आधीच हात लावून बघायला हवं होतं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की काही उपयोग झाला नसता, एका क्षणात गेले. त्याला ते पटत नाही. तेवढं काम तुम्ही चांगलं करत होतात, त्याला तो तरी काय करणार?

महेशला फोन मी केला. नाव सांगितलं, ‘अप्पा’ एवढं म्हटलं आणि पुढं बोलवेना. तो म्हणाला, “काकू, परत नाटक तर नाही ना?”

मी काहीच बोलले नाही. त्यावरून त्याला कळलं. नात्यातल्या ग्रुपवर बातमी गेली तेव्हा तिथंही निम्म्या लोकांनी विचारलं, खरं का प्रयोग? अक्कलकोटच्या तुमच्या मेव्हण्याने तर हसणारा चेहरा पाठवला, आणि संध्याकाळी येऊन माझ्यापुढं त्याचीच माफी मागत बसला.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला बसवलं होतं. विभूती, हार, हातात इष्टलिंग, समोर भजन. डोकं जरासं डावीकडं कललं होतं. संदीप सवयीनं पुढं सरकला, मी त्याचा हात धरला. मग तुमच्या बहिणीने येऊन ते सारखं केलं. मी पाहत होते, अप्पा. नाटकात तुमचा अंगठा हलायचा. तो कधी हलतो याकडं माझं लक्ष जायचं आणि मी वाक्य विसरायची. आता तो हलत नव्हता आणि मला दुसरीकडं कुठं बघताच येईना.

आणि मग मंद्रूपची माणसं आली. टेम्पो करून आली होती, ती म्हातारीसुद्धा. त्यांनी घरात शिरून तुम्हाला हात जोडले आणि सगळ्या बायका थेट माझ्याकडं आल्या. मला मध्ये बसवलं, गळ्यात पडल्या, पाठीवरून हात फिरवला. एकजण म्हणाली, धीर धर माय, पोरं कर्तीसवरती हायत. आमचे हे दारात माझ्या चपला हातात घेऊन उभे होते. त्यांच्याकडं बघून दुसरीनं विचारलं, “ह्ये कोन, दीर का?”  हे म्हणाले, “हो, जवळचेच.” इतक्या वर्षांत ह्यांनी नाटकाला केलेली ही पहिली मदत. माझा पदर तोंडात गेला, हसू लपवायला, आणि बायकांना वाटलं हुंदका आला. मग तो खरंच आला.

महेश सगळा वेळ अंगणात होता. फोन कानाला, गाड्या कुठं लावायच्या, स्वामी कधी येणार, समाधीची जागा झाली का. मी उठून त्याच्याकडं गेले. म्हटलं, “महेश, जाऊन अप्पांपुढं बस.”

“काकू, लोक येताहेत.”

“येऊ देत. बघायला आहेत बाकीचे. तू बस आणि काय बोलायचंय ते बोल त्यांच्याशी. ऐकू येतं म्हणायचे.”

त्याने माझ्याकडं पाहिलं, खुळी झाली का ही, असं. मला स्वतःला ते अजून पटलेलं नाही, अप्पा. आपला तो वाद आहे तिथंच आहे. पण तो गेला. फोन बायकोकडं दिला आणि तुमच्यासमोर मांडी घालून बसला. भजन जोरात चाललं होतं, त्यामुळं तो काय बोलला ते कुणालाच ऐकू आलं नाही. सुरुवातीला नुसता बसला होता. मग बोलायला लागला, हात हलवत, बोट उगारत. चांगलाच भांडत होता. स्वामी येऊन मागं उभे राहिले, त्यांनाही तो थोडा वेळ थांबवून होता.

पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी तो आमच्या घरी आला. हे मागच्या खोलीत टॉवेलांचे गठ्ठे बांधत होते. मी चहा ठेवला. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, दुकान कुणाला चालवायला द्यायचं, मुलीचं लग्न पुढं ढकललंय. मग कप खाली ठेवून त्याने विचारलं, “काकू, खरं सांगा. अप्पा काम चांगलं करायचे का?”

अप्पा, तुमच्या पुढ्यात मी हे कधी बोलले नसते. पण पोराने खरं विचारलं होतं. मी म्हटलं, “बोलायचे तेव्हा फार नाही रे. ओरडायचे. दुसऱ्याच नाटकातलं बोलायचे. पण गप्प बसायचे ना, तेव्हा त्यांच्यावरून कुणाची नजर हलायची नाही. माझीसुद्धा.”

 तो एकदम हसायला लागला, असा, की हे आतून हातात सुतळी घेऊन बघायला आले. हसता हसता डोळे पुसत म्हणाला, “घरीपण तसंच होतं, काकू.” आणि मग तुम्ही त्याच्या शाळेच्या गॅदरिंगला येऊन मधेच उठून मुलांच्या चुका कशा सांगितल्या होत्यात, ते सांगायला लागला. त्यावरून दुसरं निघालं, त्यावरून तिसरं. ह्यांनीही दोन किस्से सांगितले, मला माहीत नसलेले. दिवे लागले तरी तो उठला नाही. मी मग विचारलंच नाही, सरळ भाकरीचं पीठ मळायला घेतलं. जेवूनच गेला.